मदत हवी आहे: दोन पानांचा अर्ज, दोन वर्षांची चालढकल

वय ४३, देवगड तालुक्यात आमची कलमांची बाग. मला कोणी आळशी म्हणेल असं वाटत नाही. मोहोर आला की तुडतुड्यांच्या फवारणीसाठी पहाटे पाचला उठतो, आंबा सुरू झाला की मध्यरात्रीपर्यंत पेट्या भरतो. पण बाबा गेल्यावर सातबारावर वारसनोंद करायची होती, ती दोन वर्षं झाली तरी माझ्याच्याने होत नाही.

मृत्यूचा दाखला घरात आहे, आठ-अचा खाते-उतारा आहे, अर्ज सरकारच्या 'ई-हक्क' संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. म्हणजे अडचण काहीच नाही, आणि लाज त्याचीच वाटते. फाईल उघडली की वरच बाबांची काजूच्या हिशेबाची वही. त्यांचं अक्षर दिसलं की मला नेमकं आठवतं, पंपाचं नोझल तुंबलंय. मग नोझल साफ होतं, त्या नादात बागेच्या खालच्या अंगाची बेणणी, म्हणजे तण काढणंही उरकतं. गेल्या आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तर या अर्जापासून पळता पळता अख्ख्या घराची कौलं चाळली. आई म्हणते, "तुझो उद्या कधी उगवतलो रे?"

एक जाणवलंय. 'उद्या नक्की' असं ठरवलं की त्या क्षणी छाती मोकळी होते. सिरॉइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलंय: चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं कमी, नकोशा भावनेतून तात्पुरती सुटका जास्त. वाचलं, पटलं. पटून सहा महिने झाले, वही होती तिथेच आहे.

'यादी करा, लवकर उठा' सोडून काही असेल तर सांगा.

प्रतिसाद, गुहागरहून
'या महिन्यात करतो' हे ठरवणं नव्हेच. मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांची 'जर-तर' पद्धत बघा, १९९९ च्या लेखात आहे: अमुक घडलं की लगेच तमुक करायचं. तुमच्यासाठी: सकाळचा चहा झाला की कप न उचलता फाईल उघडायची, फक्त खाते क्रमांक लिहून घ्यायचा आणि उठायचं. अर्ज भरायचाच नाही त्या दिवशी. आणि ती वही आधी आईकडे द्या. सरकारी कागदांत तिचं काय काम?

प्रतिसाद, रत्नागिरीहून
दोन वर्षं स्वतःला शिव्या देताय, तेही थांबवा. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांनी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेच्या वेळच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली. कायद्याने वारसांनी तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला तरी नोंद होते. 'गणपतीच्या आत' अशी मुदत मात्र घालू नका. कोकणात गणपतीच्या आत सगळंच करायचं असतं.

प्रतिसाद, सावंतवाडीहून
जरा आगाऊपणा करतो. बहिणी किती? मी अशा कामात नेहमी पाहतो, अडतो तो अर्ज नव्हे, अर्जात लिहायची नावं अडतात.

धागाकर्ता
एक. लग्न होऊन विरारला असते. तिचं नाव लावायचंच आहे, हक्क आहे तिचा. पण फोनवर हा विषय काढायचा म्हणजे बाबांची वाटणी करायला बसल्यासारखं वाटतं. हे इथे लिहीपर्यंत मला स्वतःलाही नीट कळलं नव्हतं. मी वहीला दोष देत होतो.

प्रतिसाद, सावंतवाडीहून
मग अर्ज राहू द्या बाजूला. चहानंतर फोन करा. 'वाटणी' शब्द नको, 'बाबांच्या कागदांवर तुझं नाव लावायचंय' एवढंच म्हणा.

धागाकर्ता, चार दिवसांनी
दोन दिवस चहाच टाळला. हसू नका. आज केला फोन. ती म्हणाली, "दादा, तूच का विषय काढत नाहीस म्हणून मी गप्प होते." मग बराच वेळ बाबांबद्दलच बोललो, कागद राहिलेच. शेवटी तिच्या आधारची प्रत मागितली.

म्हणाली, उद्या पाठवते.