रविवारच्या व्यायामासाठी ॲनिमेची गाणी : सोसायटीतली चर्चा

ए-१०२ (समिती): मंडळी, रविवारी सकाळी सातला पोडियमवर अर्धा तास व्यायाम. मुलांना या वेळी ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, शीर्षकगीतंच हवी आहेत. जाणकारांनी सांगा, कोणती लावायची आणि कशावर काय करायचं?

बी-५०१: काका, आधी एक गोष्ट. प्रत्येक गाणं दोन मापांत मिळतं. मालिकेत वाजतं ते ‘टीव्ही साइज’, साधारण दीड मिनिटाचं. दुसरं अख्खं, चार मिनिटांच्या आसपासचं. व्यायामाला टीव्ही साइजच घ्या. अख्ख्या गाण्यात शेवटच्या धृपदाआधी बहुतेक वेळा ड्रम बंद होतात आणि नुसता आवाज उरतो. जपानीत त्याला ‘ओची-साबी’ म्हणतात. ऐकायला फार सुंदर, पण उड्या मारणारी मुलं नेमकी तिथे गोंधळून उभी राहतात आणि पुन्हा ताल धरायला वेळ जातो.

सी-७०१: साबी म्हणजे काय रे?

बी-५०१: आपलं धृपद, आजी. फक्त ते उशिरा येतं. आधी ए-मेरो (कडव्याची पहिली चाल), मग बी-मेरो (दुसरी चाल), मग साबी. बी-मेरोत ताल थोडा अडवून धरतात आणि साबीला एकदम सोडतात. मन उचललं जातं ते त्या सोडण्यामुळे. म्हणून दोन्ही मेरोंना जागेवर पावलं टाकायची आणि साबीलाच उड्या. सुरुवातीपासून उड्या मारल्या तर साबी येईपर्यंत मुलं दमलेली असतात.

सी-३०४: संगीताच्या बाजूने थोडं सांगते. पांढरी एकचा सा धरून पेटीवर क्रमाने म, प, ग, ध यांचे कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन स्वर) वाजवा. पहिले दोन मेजर, पुढचे दोन मायनर. जपानी संगीतकार याला ‘ओदो शिंको’ म्हणतात, म्हणजे राजमार्ग. किती साब्या या क्रमावर उभ्या आहेत! चारही पायऱ्यांत सा चा कॉर्ड येतच नाही, त्यामुळे कान पुढे ओढला जातो. आणि तिथली जुनी ‘योनानुकी’ सप्तकरचना म्हणजे चौथा आणि सातवा स्वर गाळलेली. म आणि नी वर्ज्य, म्हणजे स्वर आपल्या भूपाचेच! ही गाणी आपल्या कानाला परकी वाटत नाहीत, त्याचं एक कारण हे असावं.

ए-१०२ (समिती): वा ताई! आता नावं सांगा.

बी-५०१: घ्या.

‘झान्कोकु ना तेन्शी नो तेझे’, इव्हँजेलिऑन, १९९५, योको ताकाहाशी. मिनिटाला १२८ ठोके. भरभर चालीला नेमकं. पहिली ओळ तालाविना आहे, तिथे हात वर ताणून घ्या, पावलं ताल आल्यावर.

‘गुरेंगे’, डीमन स्लेयर, २०१९, लिसा. १३५ ठोके. टीव्ही साइजमध्ये हिशेबाने साधारण दोनशे ठोके, म्हणजे आठाचे पंचवीस गट. दोरीवरच्या उड्यांना याच्यासारखं दुसरं नाही. हेही आवाजानेच सुरू होतं, त्यामुळे दोरी आधीच हातात हवी.

‘आयडॉल’, ओशी नो को, २०२३, योआसोबी. १६६. जागेवर धावायला. मध्ये रॅप आहे आणि सूरही बदलतो. तिथे शब्दांकडे लक्ष न देता फक्त ड्रम ऐकायचा.

‘सिल्हूएट’, नारुतो शिप्पुदेन, २०१४, काना-बून. वेग मोजणारं ॲप कधी ९२च्या आसपास दाखवतं, कधी त्याच्या दुप्पट. दोन्ही बरोबर. आपण अर्धा धरू : दोन ठोक्यांत खाली, दोन ठोक्यांत वर, अशा बैठका.

‘वी आर!’, वन पीस, १९९९, हिरोशी कितादानी. सुरुवातीला निवेदन आहे. तेवढ्यात पाणी पिऊन रांग लावा.

टोकियो घूलचं ‘अनरॅव्हल’ मात्र नको. जोर आहे, गाणं अप्रतिम आहे, पण ते आतून तुटत जाणाऱ्या माणसाचं गाणं आहे. नुसता जोर म्हणजे उभारी नव्हे.

बी-४०४: ॲपशिवाय ठोके कसे मोजायचे?

बी-५०१: साबी चालू असताना १५ सेकंद टाळ्या मोजा, चारने गुणा. सुरुवातीला मोजलंत तर चुकेल.

सी-३०४: मुलं गाणारच आहेत, तर शब्द देवनागरीत लिहून द्या, पण जपून. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ असतो. दीर्घ स्वराला दोन मात्रा, आणि सुट्या ‘न्’लाही स्वतःची एक. ‘गाम्बारे’ म्हणजे जोर लाव. ते गा-म्-बा-रे असं चार मात्रांचं (‘ब’आधी ‘न्’चा ‘म्’ होतो, आणि इथले स्वर ऱ्हस्वच). आपण ‘गां-बा-रे’ असं तीन मात्रांत उरकतो आणि ओळ ठोक्याआधी संपते. दुसरी अडचण ‘च’ची. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो. जपानीत दोन्ही आहेत आणि वेगळे आहेत. म्हणून चाकातल्या उच्चारासाठी ‘त्स’ लिहा : त्सुयोई, म्हणजे बलवान. हा उच्चार मराठी जिभेवर मुळातच आहे, मुलांना शिकवावाही लागत नाही.

बी-२०३: साउंड माझ्याकडे. गाणी अधिकृत वाहिनीवरूनच घ्या. ‘नाइटकोर’ लिहिलेलं काही नको. वेग वाढवलेला असतो, सूरही चढतो, मग गाताना मुलांचा गळा ताणतो. फोनमधलं क्रॉसफेड बंद ठेवा, नाहीतर पुढच्या गाण्याची पहिली ओळ आधीच्या शेवटात बुडते. जुन्या गाण्यांचं रेकॉर्डिंग नव्यांपेक्षा हळू असतं, म्हणून आवाज शनिवारीच गाण्यागणिक जुळवून ठेवू. आणि पडद्यावर स्टेप्स दाखवणार असाल तर ब्लूटूथ नको. आवाज चित्राच्या मागे पडतो, मुलं पडद्यावरची पावलं बघून टाकतात, मोठी माणसं ऐकून.

सी-७०१: आमच्यासाठी शेवटी हळू काहीतरी लावा.

बी-५०१: मोगली लावू, आजी. ते दूरदर्शनवरचं कार्टून मुळात जपानीच, १९८९चं, निप्पॉन ॲनिमेशनचं. हिंदी शीर्षकगीत मात्र आपल्याकडे झालं, गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं. शवासनाच्या आधी दीर्घ श्वासांना चालेल.

ए-१०२ (समिती): ठरलं. तार कोणती आणायची?

बी-२०३: साधी ३.५ मिमीची ऑक्स, पण पाच मीटरची. दीड मीटरची आणली तर फोन स्पीकरला चिकटूनच ठेवावा लागतो आणि गाणं बदलायला प्रत्येक वेळी रांगेतून धावावं लागतं.