भविष्यवाला पॅरागॉन कप: साल, डाग आणि चोथा

प्रश्न (कपबशी_नवशिकी): मुंबईच्या चोर बाजारातून घेतलेली एक कपबशी आहे. कपाच्या आत छोटी छोटी चित्रं, तळाला पॅरागॉन या इंग्लिश कंपनीचा छाप आणि त्यात 'बाय अपॉइंटमेंट' (म्हणजे राजघराण्याची मान्यता) आहे. ही किती जुनी असेल? आत चहाचा तपकिरी थर बसलाय, तो कशाने काढू? आणि यात घरचा चहा ओतून तळाशी राहिलेल्या चोथ्यावरून खरंच भविष्य 'वाचता' येतं का?

जुनी_भांडी: ही पॅरागॉनची 'साइन्स अँड ओमेन्स' (म्हणजे चिन्हं आणि शकुन) मालिका दिसतेय. छाप भिंगाखाली बघा. पॅरागॉनला क्वीन मेरीची राजमान्यता १९३३ साली मिळाली. छापात दोन राण्यांचा उल्लेख असेल तर कप १९३९ नंतरचा. एकाच राणीचा असेल तर १९३० च्या दशकातला असू शकतो, पण नुसत्या त्यावरून नक्की सांगता येत नाही.

छापात 'आरडी' आणि आकडा असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा. त्या वर्षी नक्षी नोंदवली, एवढंच त्यातून कळतं. कप त्यानंतर दहा वर्षांनीही बनलेला असू शकतो, आणि विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर साधारण १८९१ नंतरचा माल, कारण अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

बशी कपाचीच आहे का हेही तपासा. दोन्हींवरचा छाप आणि सोनेरी कडेचा रंग जुळायला हवा.

घासू_नका: थर काढायला खायचा सोडा लावा, ओल्या बोटाने हलकेच फिरवा, झालं.

जुनी_भांडी: सोडा नको. बोन चायनाची (हाडांची राख घातलेल्या चिनी मातीची) झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, टिकते, पण बारीक कणाने सोनेरी कडा आणि झिलईवरची चित्रं घासली जातात. कप दिव्याखाली तिरका धरा. चित्रं किंचित उठून दिसली किंवा त्यांची चमक आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळी वाटली, तर ती झिलईवर आहेत असं समजा.

आधी कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, अर्धा तास. डाग राहिला तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून ३ टक्के करा. कापूस भिजवून फक्त डागावर ठेवा, वरून प्लास्टिक, रात्रभर. सोन्याला लागू देऊ नका. सकाळी साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोनदा बदला. कपडे पांढरे करायचं ब्लीच अजिबात नको. त्यातले क्षार तड्यातून आत मुरतात आणि पुढे वाळताना झिलईचे पापुद्रे सुटतात.

धुण्याआधी कप त्याच्या कानाने, म्हणजे दांडीने, धरून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे. मग भिजवणं सोडा.

चोथा_वाचक: घरचा म्हणजे सीटीसी (बारीक दाणेदार चहा) असेल तर नाद सोडा. ते दाणे तळाशी चिखलासारखे बसतात, आकार होत नाहीत. आणि दुधात उकळलेला चहा तर नकोच. अख्ख्या पानाचा चहा, दार्जिलिंग वगैरे, एक छोटा चमचा थेट कपात टाका, वर गरम पाणी. गाळणं वापरायचं नाही. पिऊन चमचाभर पाणी शिल्लक ठेवा, कप डाव्या हातात धरून तीन वेळा फिरवा, बशीवर पालथा घाला आणि मिनिटभर थांबा.

वाचायचं कानापासून. कान म्हणजे विचारणारा माणूस. काठाजवळचं पान म्हणजे लवकर घडणारं, तळाचं म्हणजे लांबचं. या कपात छापील चित्रं असतात, म्हणून चोथा कुठल्या चित्रावर किंवा शेजारी चिकटला तेही बघतात. साध्या कपात फक्त पानाच्या आकारावरून जावं लागतं, ते जास्त अवघड.

एवढं केलं तरी रोजच्या चहाला हा कप वापरू नका. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, लिंबू-चहा तर मुळीच नको. मायक्रोवेव्हमध्ये सोनेरी कडेवर ठिणग्या उडतात.

कपबशी_नवशिकी: टिचकी मारली. कानाजवळ बद्द वाजतोय.

जुनी_भांडी: मग कानाने उचलू नका, खालून हात लावून धरा. पाणी, पेरॉक्साइड काहीच नको, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा आणि बशीसकट कपाटात ठेवा.