पट्टे मारणाऱ्या गाडीमागे संरक्षक ट्रक किती अंतरावर?

प्रश्न: दुपदरी रस्त्यावर मधली पट्टी मारायची आहे. पुढे रंगाची गाडी, मागे धक्काशोषक (मागून बसणारी धडक झेलणारी गादी) लावलेला ट्रक, शेवटी इशारा गाडी. वेग ताशी १० किमी. ट्रक किती मागे ठेवायचा? आणि चढ-वळणावर?

उत्तर १: एकच आकडा धरून चालू नका. मागून धडक बसली की ट्रक पुढे ढकलला जातो. तेवढी जागा मोकळी हवीच. ट्रक हलका आणि रहदारी वेगवान, तर अंतर वाढवा. धक्काशोषकाच्या माहितीपुस्तिकेत ट्रकचं किमान वजन दिलेलं असतं, ते आधी तपासा. मात्र फार मागे राहिलात की गाड्या मध्ये घुसतात आणि ओला रंग चाकांनी पसरवतात. या मोकळ्या जागेत कुणीही पायी उतरायचं नाही, शंकू उचलायलासुद्धा नाही.

उत्तर २: चढावर इशारा गाडी माथ्याच्या अलीकडेच थोपवून धरा. ताशी ८० किमीने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. माथा ओलांडल्यावर ट्रक दिसला तर चालकाच्या हातात वेळच उरत नाही. पुढे सरळ, मोकळा रस्ता लागला की इशारा गाडीने अंतर भरून काढावं. वळणालाही हेच.

उत्तर ३: गाडीमागच्या दिव्यांच्या फलकावर बाण अजिबात लावू नका! दुपदरी रस्त्यावर तो बाण लोकांना थेट समोरच्या वाहनांवर पाठवतो. फक्त चार कोपऱ्यांचे दिवे लुकलुकते ठेवा.