मदत हवी आहे: जुना फ्रीज दुरुस्त करू की नवीन घेऊ?

नमस्कार मंडळी, आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज १३ वर्षांचा झालाय आणि आता खालचा कप्पा गारच होत नाहीये. वर फ्रीजरमधे बर्फ व्यवस्थित होतो पण खाली दूध संध्याकाळपर्यंत नासतं, कोथिंबीर दोन दिवसात काळी पडते. मेकॅनिक आला, मागे हात लावून बघितला आणि म्हणाला गॅस गेलाय, कॉम्प्रेसर पण बदलावा लागेल, साडेआठ हजार. पण मला हे पटत नाहीये, कारण गॅस गेला असता तर फ्रीजर पण गार झाला नसता ना? फ्रीजरच्या आतल्या मागच्या पॅनलवर जाड बर्फाचा थर दिसतोय, म्हणजे डीफ्रॉस्टचा (साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा) हीटर, सेन्सर किंवा टायमर गेला असणार आणि तिथे बर्फ साचून खाली जाणारी हवा अडत असणार असं मला वाटतंय. हे सगळे पार्ट कॉम्प्रेसरपेक्षा बरेच स्वस्त असतात.

आईचं इन्सुलिन फ्रीजमधे असतं, सध्या शेजारच्या काकूंकडे ठेवलंय, त्यामुळे फार दिवस थांबता येणार नाही.

घरचे म्हणतात सरळ नवीन इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घ्या, वीज वाचेल. वाचेल हे खरंय, वीज बचतीच्या स्टार रेटिंगचे निकष पण आता कडक झालेत, पण चांगली बॉडी, चांगलं गॅस्केट (दाराचं रबर) असलेला फ्रीज भंगारात द्यायला जीव होत नाही. कोणी डीफ्रॉस्ट हीटर बदलून घेतलाय का? किती खर्च आला आणि नंतर किती टिकला? नाशिकमधे सिडको, इंदिरानगर भागात खात्रीचा मेकॅनिक असेल तर प्लीज सांगा.