मेणवलीच्या घाटावर कुत्र्याचे फोटो: तुमचा अनुभव काय?

वाईजवळचं मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेकाठचा काळ्या दगडाचा घाट. इथे काय जमतं, काय फसतं आणि का, तेवढंच लिहा. ‘कित्ती गोड’ला वेगळा धागा आहे.

पायरीवरून
पायऱ्या असताना जमिनीवर लोळायची गरज नाही. कुत्र्याला वर बसवा, आपण तीन-चार पायऱ्या खाली. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या रेषेत हवी. २४ मिमीच्या रुंद लेन्सने जवळून काढलात तर नाक केवढं तरी आणि घाट इवलासा. ८५ मिमीची लांबची लेन्स लावून मागे सरका, पायऱ्या त्याच्या पाठीशी दाटून येतात. लांब तोंडाच्या कुत्र्याला एफ २.८ (लेन्सचं मोठं छिद्र) नको, डोळे स्पष्ट येतात, नाक धूसर. एफ ५.६ ठेवा. बसलेल्याला १/२५० सेकंदाचं शटर पुरे, पळणाऱ्याला १/१०००.

काळू-पालक
काळं कुत्रं, काळा दगड. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सगळ्याला करडं धरतो, म्हणून काळा रंग राखाडी होतो आणि वरचं आभाळ पांढरंफटक. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ ते उणे १ करा. पांढऱ्या पॉमेरेनियनला त्याच दगडावर एक्स्पोजर आणखी कमी करावं लागतं, नाहीतर केसांचा पोत उडतो.
खरी अडचण डोळ्यांची. त्यांत आभाळाचा ठिपका नसेल तर काळ्या तोंडात ते सापडतच नाहीत. खाऊ लेन्सच्या जरा वर धरा, म्हणजे मान उचलली जाते. खाऊ पनीरचे बारीक तुकडे. पटकन गिळले जातात. बिस्किटाने पुढचे सगळे फोटो चघळतानाचे येतात. (चिकन नको, शेजारी देऊळ आहे.)

मोबाइलवाली
पोर्ट्रेट मोड मिशा आणि कानांचे केस खातो. साधा मोड, दुप्पट झूम, बर्स्ट (सलग फोटो).

दोरी हातात
पट्टा सोडू नका. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पुढे नदी. बारीक पट्टा हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) मागून लावा, धरणारा फ्रेमबाहेर. पट्टा दगडावर पडू द्या, अंगावरून आडवा नको. नंतर दगडावरचा पट्टा सहज पुसता येतो, केसांवरचा नाही.
उन्हाळ्यात आधी दगडावर पालथा हात सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर तिथे पंजेही नकोत. दिवाळीनंतर काठच्या गवतात कुसळं असतात. निघताना बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा.

वाईकर
घाटावर धुणं चालू असेल तर आधी विचारा. वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा पार्श्वभूमीला हवी असेल तर लांबूनच. कुत्र्याला देवळात नेऊ नका. वाड्यात न्यायचं असेल तर दारातच परवानगी घ्या.