मुलगी बापाची लाडकी, म्हणून लगेच ‘इलेक्ट्रा’?

केतकी: काल आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. गुलाबी पार्श्वभूमी, बाबांच्या खांद्यावर लेक आणि खाली: ‘मुलगी वडिलांवरच जास्त जीव का टाकते? फ्रॉइडने सिद्ध केलेला इलेक्ट्रा कॉम्प्लेक्स!’ त्यावर पंधरा हृदयं. टाकणारी नणंद, त्यामुळे तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

नाव मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचं नाहीच. १९१३ साली मानसशास्त्रज्ञ युंगने ते रुळवलं. फ्रॉइडने १९२०मध्ये लिहून ठेवलंय की या शब्दाने काही साधत नाही, आणि १९३१मध्ये पुन्हा नाकारलाय. त्याच १९३१च्या निबंधात तो म्हणतो, मुलीची पहिली ओढ आईकडेच, बापाकडे ती मागाहून वळते. ग्रीक संस्कृतीच्या खाली त्याहून जुना मिनोअन-मायसीनियन थर सापडावा तसं हे आपल्याला सापडलं, अशी त्याची उपमा आहे. म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर उलट!

आणि ग्रीक कथेतली ती इलेक्ट्रा? तिच्या बापाने जहाजांना वारा मिळावा म्हणून तिच्या बहिणीचा बळी दिला. त्या रागाने आईने बापाला मारलं. ही पोरगी बापासाठी रडते आणि आईच्या जिवावर उठते. या घरातलं नाव घेऊन हृदयं टाकायची?

दत्ता_सातारकर: नाव कुणी दिलं यावर एवढा निबंध? माझी पोरगी चार वर्षांची आहे. रात्री दारात माझ्या चपला वाजल्या की आईच्या मांडीवरून उडी मारून येते. भरवणार कोण, तर बाबा. याला काहीतरी म्हणायला हवं ना?

केतकी: भाऊ, दिवसभर नाक पुसणारी, ओरडणारी, दात घासायला लावणारी आई. तुम्ही तासभर येता, तेही खिशात चिक्की घेऊन. मीही उडी मारली असती.

दत्ता_सातारकर: चिक्की फक्त शनिवारी असते.

ओंकार_मा: मानसशास्त्र शिकतोय म्हणून दोन शब्द. फ्रॉइडला झोडपणं सोपं आहे. स्वतःचं म्हणणं बदलायला तो कचरत नव्हता, हे १९३१चा निबंधच सांगतो. त्याला घरातून, म्हणजे मनोविश्लेषकांतूनच, विरोधही झाला. कॅरेन हॉर्नीने विसाच्या दशकातच सुनावलं होतं की मुलींना पुरुषाच्या अवयवाचा हेवा वाटतो म्हणता, तर पुरुषांना गर्भाशयाचा वाटत नाही कशावरून?

केतकी: हॉर्नीबद्दल मान्य. पण फ्रॉइडच्या रुग्ण डोराचं काय? १९००मध्ये अठरा वर्षांच्या मुलीला बापच घेऊन आला. बापाच्या मित्राने तळ्याकाठी तिच्याशी लगट केली, तिने थोबाडीत मारली. बापाचं त्याच मित्राच्या बायकोशी प्रकरण चालू. पोरीचं ऐकायला घरात कुणी तयार नाही. फ्रॉइडला प्रसंग खरा वाटला, पण निष्कर्ष काय, तर तुझंच त्या मित्रावर प्रेम आहे आणि त्याच्यामागे बापावर! अकरा आठवड्यांत उठून गेली. शहाणी.

ओंकार_मा: डोराबाबत तो चुकला. उपचार का फसले हे त्यानेच १९०५मध्ये छापलं, हेही लक्षात घ्या. आणि हो, तुम्ही विचारायच्या आधी सांगतो, स्वतःच्या मुलीचं, ॲनाचं, विश्लेषण त्याने स्वतःच केलं. आज कुणी केलं तर लोक दारात उभं करणार नाहीत. १९२३मध्ये जबड्याचा कॅन्सर निघाल्यापासून शेवटपर्यंत तिनेच त्याचं सगळं केलं. तिला तो इलेक्ट्रा नव्हे, अँटिगोनी म्हणायचा. ग्रीक कथेतली, आंधळ्या बापाला हाताला धरून नेणारी.

शेवंता: अवांतर आहे, पण राहवत नाही. मीही बापाची अँटिगोनीच. भावांच्या आधी सायकल मला. उसाच्या बिलाचे पैसे आले की पहिली नोट माझ्या हातात. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा सासर सोडून चार महिने मी होते. जायच्या आधी म्हणाले, “पोरी, भावांना दुखवू नको.” तेराव्यानंतर महिन्याभरात हक्कसोडपत्र. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात अंगठ्याला शाई लावताना भाऊ म्हणाला, ताई, चहा घेणार? पाच एकर गेले, एक साडी आली, तीही फिकट. याला कुठला कॉम्प्लेक्स म्हणतात?

बाळासाहेब_के: लग्नात खर्च केलाच असेल ना वडिलांनी? तो हिस्साच की. बहिणी हल्ली कोर्टात जातात, म्हणून माहेरं तुटतात.

शेवंता: लग्न भावांचंही झालं, बँड लावून. त्यांचा हिस्सा कमी झाला का?

केतकी: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हिस्सा, असा महाराष्ट्रात १९९४पासून कायदा आहे, देशभर २००५पासून. बाप २००५मध्ये हयात हवाच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये सांगून टाकलंय. माहेर तुटतं ते कोर्टामुळे का, बाळासाहेब?

बाळासाहेब_के: कायदा मलाही कळतो. तुम्ही बायका प्रत्येक धागा इथेच आणता.

ओंकार_मा: मूळ विषय फ्रॉइड होता, एवढीच आठवण.

शेवंता: फ्रॉइड कुठे गेला? मी सही केली ती कायदा माहीत नव्हता म्हणून नाही. अण्णांचा शब्द होता म्हणून. लाडकी नसते तर भांडले असते.

दत्ता_सातारकर: बरं, ‘इलेक्ट्रा’ मागे घेतो, घ्या. पण आमच्याकडे जमीन नाही हो. एक फ्लॅट, सोळा वर्षांचे हप्ते बाकी. त्यात पोरीला काय देऊ?

शेवंता: हप्त्यांसकट नाव लावा.

केतकी: तोच फॉरवर्ड आत्ता पुन्हा आला. या वेळी सासऱ्यांकडून.