मदत हवी आहे: कथा लिहिणाऱ्या मुलीसाठी शिष्यवृत्ती

मंडळी, माझी भाची अकरावीत आहे. गणिताच्या वहीची मागची पानं तिच्या कथांनी भरलेली असतात. परवा एक वाचली: आजी गेल्यावर तिच्या चष्म्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा घरात कुणीच पुसत नाही, एवढीच गोष्ट. वाचून गलबलून आलं.

तिला पुढे लेखनच शिकायचंय, पण फी झेपणारी नाही, म्हणून मी शिष्यवृत्त्या शोधतेय. शोधताना मुलांसाठीच्या काही लेखनस्पर्धाही सापडल्या. स्कोलास्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स १९२३ पासून आहेत, पण त्या मुख्यतः अमेरिका-कॅनडातल्या मुलांसाठी. फॉइल यंग पोएट्स ही स्पर्धा ११ ते १७ वयाच्या, कुठल्याही देशातल्या मुलांना खुली आणि मोफत, पण तिथे फक्त कविता. राष्ट्रकुलाची निबंध स्पर्धा १८८३ पासूनची, तिलाही प्रवेश शुल्क नाही. भरमसाट शुल्क मागणाऱ्या किंवा कथेचे सगळे हक्क लिहून घेणाऱ्या स्पर्धा मी सरळ बाजूला ठेवल्यात.

लेखनाचे नमुने पाहून कॉलेजची फी भरणारी शिष्यवृत्ती कुणाच्या मुलांना मिळाली आहे का? किती कथा जोडल्या होत्या? मूळ मराठी कथेचा अनुवाद चालतो का? शिफारसपत्र भाषेच्या शिक्षकांचंच लागतं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.